दादाची जुनी 'लेट अस सी'

नागपुरात इंजिनीअरिंग केलेल्या कुणाच्याही घरातलं कपाट उघडा. 'लेट अस सी' या सी भाषा शिकवणाऱ्या पुस्तकाची कोपरे दुमडलेली प्रत बहुधा निघेलच. लेखक यशवंत कानेटकर नागपूरचेच. सी भाषा मात्र डेनिस रिची यांची, १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये घडलेली. ब्रायन कर्निगन आणि रिची यांचं १९७८चं मूळ पुस्तक नेमकं आहे, पण नवख्याला दमवणारं. कानेटकर समोर बसवून शिकवल्यासारखे लिहितात.

दादाची जुनी प्रत चालेल का? चालेल, पण जरा जपून. तिच्यातले प्रोग्रॅम 'टर्बो सी' या जुन्या कंपायलरसाठी लिहिलेले. त्यात पूर्णांक ठेवणारा 'इंट' दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७पर्यंतच. त्यात एक मिळवला की उत्तर यायचं उणे ३२७६८! आजच्या संगणकांवर 'इंट' बहुधा चार बाइटचा असतो, मर्यादा दोनशे कोटींच्या वर. पडदा पुसणारं 'सीएलआरएससीआर' तर सीच्या प्रमाणित रूपात कधी नव्हतंच. लिनक्सवर 'कोनिओ डॉट एच' फाइल सापडत नाही म्हणून पहिलाच प्रोग्रॅम अडतो आणि पोरं स्वतःला ढ समजतात. ती फाइल जोडणारी ओळ आणि तिच्यातली फंक्शनं वापरणाऱ्या ओळी बिनधास्त काढा. नवी आवृत्ती घेतलेली बरी.

एखाद्या फंक्शनची खात्री करायची तर लिनक्सवर मॅन्युअल आधीपासून असतं किंवा सहज बसवता येतं: 'मॅन', मग आकडा ३, मग फंक्शनचं नाव. भाषा रुक्ष, पण फंक्शन काय घेतं, काय परत देतं, सगळं तिथे असतं.