एकाच खिडकीचे घर

१२ मे २०१७. शुक्रवारची दुपार. इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत संगणकाच्या पडद्यावर एकाएकी लाल चौकट उगवली. आतल्या फायलींना कुलूप लागले होते आणि ते उघडायचे तर ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा, अशी मागणी होती. रुग्णांचे जुने अहवाल उघडेनात, रक्ततपासणीचे निकाल वॉर्डापर्यंत पोहोचेनात. ज्या यंत्रांना अजून लागण झालेली नव्हती, तीही भीतीपोटी बंद केली गेली. पाच रुग्णालयांना रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. परिचारिका कागद-पेन घेऊन बसल्या.

'वॉनाक्राय' नावाच्या या खंडणीखोर किड्याने दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी नंतर मोजदाद केली. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८१ आरोग्य-ट्रस्टना फटका बसला होता. ६,९१२ अपॉइंटमेंट रद्द झाल्याची नोंद सापडली आणि प्रत्यक्षातला आकडा १९ हजारांच्या पुढे असावा, असा अंदाज निघाला. त्यांत शस्त्रक्रियाही होत्या आणि कर्करोगाच्या संशयितांच्या तातडीच्या भेटीही.

तेव्हा बातम्यांत दोष गेला तो 'विंडोज एक्सपी' या म्हाताऱ्या कार्यप्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला. चौकशीत मात्र वेगळेच निघाले. लागण झालेली बहुतेक यंत्रे 'विंडोज ७'वर चालत होती. तिच्यासाठीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिली होती. ती बसवायची राहून गेली होती. शिवाय या किड्याला कुणी चुकीच्या ईमेलवर क्लिक करण्याची गरजच नव्हती. एकाच नेटवर्कवरचे संगणक परस्परांना फायली देतात, त्या व्यवस्थेतल्या भोकातून तो आपण होऊन शेजारच्या यंत्रात शिरत होता. शेजारीही त्याच जातीचा असल्याने भोकही तेच.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवारभर एकच वाण लावला आणि त्या वाणाला मानवणारा तांबेरा आला, की बांध ओलांडायला त्याला वेळ लागत नाही. नेमकी हीच उपमा २००३ मध्ये डॅन गीअर, ब्रूस श्नायर आणि अन्य काही सुरक्षातज्ज्ञांनी एका अहवालात वापरली होती. जगातले बहुतेक संगणक एकाच कंपनीच्या कार्यप्रणालीवर चालणे ही फक्त बाजारातल्या मक्तेदारीची बाब नाही, तो साथीच्या रोगाला दिलेला आवतण आहे, असे त्यांचे म्हणणे. मायक्रोसॉफ्ट ज्या कंपनीची ग्राहक होती, तिथेच गीअर मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते. अहवाल निघताच त्यांची नोकरी गेली. अहवालाची खरी जाहिरात त्या बडतर्फीनेच केली.

एकच वाण सगळीकडे कसा पसरला, ही कथा तंत्रज्ञानाची कमी आणि व्यापाराची जास्त आहे. १९७० च्या दशकात छोट्या संगणकांवर गॅरी किल्डाल यांच्या 'सीपी/एम' प्रणालीचे राज्य होते. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने सिअॅटलमधल्या एका लहान कंपनीची प्रणाली विकत घेऊन 'डॉस' उभी केली. आयबीएमच्या यंत्रावर सीपी/एमही मिळत असे, पण डॉसची किंमत ४० डॉलर आणि तिची २४०. सहापट दाम मोजून तेच काम कोण करणार? डॉस पसरली तसे लोक तिच्यासाठी सॉफ्टवेअर लिहू लागले, आणि सॉफ्टवेअर तिच्यासाठी आहे म्हणून लोक तीच घेऊ लागले. एकदा हे चक्र फिरायला लागले, की चांगल्या-वाईटाचा प्रश्न मागे पडतो.

अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी १९९९ मध्ये हे चक्र आकड्यांत मांडले. विंडोजसाठी ७० हजारांवर सॉफ्टवेअर होती आणि आयबीएमच्या 'ओएस/२' या प्रतिस्पर्ध्यासाठी ऐन भरात असताना सुमारे अडीच हजार. तांत्रिकदृष्ट्या ओएस/२ कुठेच कमी नव्हती. पण दवाखान्याचे बिलिंग जिच्यावर चालत नाही, ती प्रणाली कितीही सुबक असली तरी दवाखान्याच्या काय कामाची!

चक्राला हातानेही जोर दिला गेला. संगणक बनवणाऱ्यांनी विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायचे, मग त्यात डॉस घातलेली असो वा नसो, असा करार बरीच वर्षे चालला. १९९४ मध्ये सरकारने तो थांबवला. पुढे 'बीओएस' नावाची चपळ, देखणी प्रणाली आली. हिताची कंपनीने ती जपानमध्ये काही यंत्रांत विंडोजच्या जोडीला घालूनही दिली, पण यंत्र सुरू करताना तिचा पर्याय ग्राहकाला दिसतच नव्हता. विंडोजच्या परवान्याच्या अटींमुळेच हे झाले, असा तिच्या निर्मात्यांचा आरोप होता. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो दावा मिटवला. तोवर बी कंपनी बुडाली होती.

या सगळ्यात लिनक्सचे काय झाले, हा प्रश्न येतोच. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही मुक्त प्रणाली टेबलावरचा संगणक सोडून जवळपास सर्वत्र जिंकली. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूणएक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. अँड्रॉइड फोनच्या पोटातही तिचाच गाभा आहे. म्हणजे 'लिनक्स आपल्याला जमणार नाही' असे म्हणणारा माणूसही ती रोज खिशात घेऊन हिंडतो. टेबलावर मात्र तिचा वाटा अजून एक आकडी टक्क्यांतच रेंगाळतो आहे.

टेबल काबीज करायचे म्हणजे काय, हे जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने अनुभवले. २००३ मध्ये तिने विंडोज सोडून लिनक्सवर जायचे ठरवले, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टीतले स्कीइंग अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले. महापौर बधले नाहीत. सुमारे १५ हजार संगणक दहा वर्षांत बदलले गेले. पण राज्य सरकारकडून येणारे तक्ते नीट उघडत नसत, वेगवेगळ्या विभागांची खास सॉफ्टवेअर विंडोजवरच अडून बसलेली, आणि पुढे सत्ताही बदलली. २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे जायचा ठराव केला. पण एवढ्यावरून 'लिनक्स हरली' म्हणणे घाईचे होईल. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायचा निर्णय घेतला.

आपल्याकडे केरळने हे आधीच करून दाखवले आहे. तिथल्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकतात. ते टिकले, कारण शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीवर बेतली गेली आणि बिघाड झाला तर विचारायला सरकारचीच यंत्रणा होती. नुसती सीडी वाटून हे झाले नसते. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय लिनक्स आणली. तिचे काम वाईट नव्हते, पण तिच्यामागे अशी शिक्षकांची फौज उभी राहिली नाही.

मराठी माणसाने या अडकून पडण्याची चव प्रणालीच्या आधी फॉन्टमध्ये घेतली आहे. नव्वदच्या दशकात सरकारी कचेऱ्यांत 'डीव्हीबी-टीटी सुरेख' नि 'योगेश', तर छापखान्यांत 'श्रीलिपी' असे टंक चालत. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, आणि ते कुठे बसवायचे हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवायचे, अशी ती रीत. एका कचेरीतले पत्र दुसऱ्या कचेरीत उघडले की रोमन अक्षरांची खिचडी! संगणक बदलायचा म्हणजे आधी फॉन्टवाल्याला विचारायचे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला आणि 'विंडोज २०००'नंतर तो टेबलापर्यंत पोहोचला, तेव्हा ही गाठ सुटली. आज तोच मजकूर विंडोज, मॅक, लिनक्स आणि फोनवर सारखाच दिसतो. इनस्क्रिप्ट कळपाटही सगळीकडे मिळतो.

वैद्यकीय प्रतिमांच्या बाबतीत ही शहाणपणाची पायरी फॉन्टच्या कितीतरी आधी चढली गेली होती. एक्स-रे, सीटी, एमआरआय यंत्रे प्रत्येक कंपनीच्या खासगी भाषेत बोलू लागली, तेव्हा अमेरिकेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांनी आणि यंत्रनिर्मात्यांनी मिळून १९८५ मध्ये एक मानक बनवले. १९९३ पासून ते 'डायकॉम' या नावाने ओळखले जाते. त्यामुळे नाशिकला काढलेला सीटी स्कॅन पुण्याच्या डॉक्टरांना कुठल्याही प्रणालीवर, अगदी फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही पाहता येतो. कार्यप्रणालींमधली स्पर्धा खरी व्हायची असेल, तर ती अशा मानकांच्या जमिनीवरच होते. न्यायालयांनी जे साधले नाही, ते बऱ्याच अंशी मानकांनी आणि ब्राउझरने साधले. रुग्णालयाचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालू लागले, की खाली विंडोज आहे की आणखी काही, याने फार बिघडत नाही.

हे सगळे आता पुन्हा ऐरणीवर आले ते 'विंडोज १०'मुळे. २०१५ मध्ये आलेल्या या प्रणालीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. 'विंडोज ११' फुकट मिळते, पण तिला 'टीपीएम २.०' ही गुप्त किल्ल्या जपणारी चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७ च्या अखेरीनंतरचा. धडधाकट चालणारे असंख्य संगणक या अटीत नापास झाले. त्यांतले २४ कोटी भंगारात जातील, असा अंदाज 'कॅनालिस' या बाजार-विश्लेषक संस्थेने आधीच वर्तवला होता. चिपमागचे कारण खोटे नाही, तिच्यामुळे चोरी अवघड होते. पण चोरी होऊ नये म्हणून घरच पाडायला सांगणे, हा हिशेब मायक्रोसॉफ्टला जेवढा परवडतो तेवढा तालुक्याच्या दवाखान्याला परवडत नाही.

विविधता हाही रामबाण उपाय नव्हे. तीन प्रणाली ठेवल्या तर तिन्ही जाणणारी माणसे लागतात, आणि लिनक्समध्येही भोके सापडतातच. तरीही १९ जुलै २०२४ चा दिवस आठवावा. 'क्राउडस्ट्राइक' या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष सुधारणेने ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, इंग्लंडात डॉक्टरांच्या दवाखान्यांतल्या नोंदी पुन्हा अडकल्या. इथे कुणी हल्लाही केला नव्हता. मॅक आणि लिनक्सवाल्यांना त्या दिवशी काहीच झाले नाही.

लहान दवाखाना किंवा पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्यांपुढचा प्रश्न यापेक्षा साधा आहे : कोपऱ्यातला तो विंडोज १० चा संगणक, त्याचे काय करायचे? घरगुती वापराच्या यंत्रांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. व्यवसायांसाठी त्या पैसे मोजून आणखी दोन वर्षे मिळतात, पण दर वर्षी दाम दुप्पट होतो. दरम्यान लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता यंत्र सुरू करून पाहता येते. प्रिंटर चालतो का, बारकोड वाचला जातो का, मराठी टंकलेखन होते का, हे दहा मिनिटांत कळते. कायमची बसवायची तर आधी सगळ्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हेही पाहावे. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर तपासून घ्यावेत. हिशेब टॅलीवर असेल, तर निदान एक विंडोज यंत्र ठेवावे लागते.

तपासणी-यंत्राला जोडलेला संगणक मात्र वेगळा. रक्ताचे विश्लेषण करणारे यंत्र किंवा सीटीचा नियंत्रण-संगणक निर्मात्याने ठरावीक प्रणालीवरच तपासून दिलेला असतो. ती परस्पर बदलली तर निकालांची हमी जाते. वॉनाक्रायने ब्रिटनमध्ये अशी १,२२० निदान-यंत्रे गाठली होती. या संगणकाची प्रणाली न बदलता त्याला इंटरनेटपासून तोडायचे, लॅबच्या बाकीच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवायचे आणि त्यात कुणाचाही पेन ड्राइव्ह घालू द्यायचा नाही. नव्या यंत्राचा करार करताना निर्माता किती वर्षे दुरुस्त्या देणार, हे लेखी मागून घ्यायचे. यंत्राचे आयुष्य बहुधा दहा-पंधरा वर्षांचे असते आणि विंडोज १० ला दहाच मिळाली.