छत्तीस माणसांचें बेट

गेल्या जून महिन्यांत आमच्या चिरंजिवांनीं आम्हां उभयतांस स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका जलयात्रेस नेलें. ते ग्लासगो शहरीं नोकरीस असतात. जलयात्रा म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढें सातमजली जहाज उभें राहील, म्हणून सांगतों, कीं आमचें जहाज अवघें बारा उतारूंचें होतें. आमच्या बाळपणीं मुंबईहून कोंकणांत जाणाऱ्या आगबोटीशेजारीं तें होडकेंच दिसलें असतें. परंतु त्या किनाऱ्यास लहान जहाजच हवें. समुद्रानें तेथील भूमि इतकी कुरतडली आहे, कीं नकाशा पाहतांना जीर्ण वस्त्राच्या दशांची आठवण व्हावी. अरुंद खाड्या, पाण्याखालचे खडक, आणि धक्क्याचें नांव नाहीं अशीं बेटें. जहाज दूर नांगरावयाचें आणि रबरी होडींतून तीर गांठावयाचें, असा तेथील शिरस्ता.

ओबान बंदरांतून निघून मल बेटाच्या सामुद्रधुनीनें आम्ही बाहेर पडलों. स्टाफा बेटावर काळ्या पाषाणाचे षट्कोनी स्तंभ गवंड्यानें रचल्यासारखे उभे आहेत. इतर उतारूंस त्यांचें जितकें आश्चर्य वाटलें तितकें आम्हांस वाटलें नाहीं. लाव्हारस निवतांना आकुंचन पावून असे स्तंभ बनतात, आणि अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची आहे. जन्मभर मुंबईंत राहून ती पाहिलेले किती निघतील, हा प्रश्न निराळा.

भोजनाची मोठी धास्ती होती, म्हणून सौभाग्यवतींनीं मेतकूट व लिंबाचें लोणचें बरोबर घेतलें होतें. पण आचारी भला गृहस्थ निघाला. रोज सकाळीं ओटची लापशी आमच्यासाठीं निराळी करून देई. सायंसंध्येची अडचण मात्र होती. रात्रीचे दहा वाजून गेले तरी सूर्य क्षितिजावरच! अखेर घड्याळाचें न ऐकतां आम्हीं सूर्याचेंच ऐकलें.

सफरीचें खरें प्रयोजन सेंट किल्डा. हेब्रिडीज बेटांच्या बाहेरील रांगेच्याही पश्चिमेस सुमारें ६४ किलोमीटरवर, उघड्या अटलांटिक महासागरांत, हा बेटांचा पुंजका आहे. त्यांतील मोठें बेट हिर्टा. त्याच्या गांवापुढचा उपसागर आग्नेयेस उघडा. तिकडून वारा सुटला कीं उतरणें अशक्य. ‘आपण निघूं, पण उतरूं असें वचन देत नाहीं,’ असें कप्तानानें आदल्या रात्रींच बजावलें होतें. सात तासांच्या हेलकाव्यांत आमची काय अवस्था झाली, तें सांगण्याजोगें नाहीं. धुक्यांतून प्रथम बोरेरे बेट व त्याच्या शेजारचे दोन प्रचंड सुळके वर आले. दुरून ते चुन्यानें सारवल्यासारखे पांढरे दिसत होते. जवळ जातां तो पांढरेपणा हालूं लागला. ते सारे गॅनेट पक्षी! त्यांचीं सुमारें साठ हजार जोडपीं येथें विणीस येतात.

यांपैकीं स्टॅक अन आर्मिन हा सुळका १९६ मीटर उंच आहे. १७२७ सालीं ऑगस्टांत हिर्टाचे तीन पुरुष व आठ मुलगे त्यावर पक्षी धरण्यास उतरले. त्यांस परत नेण्यास होडी आलीच नाहीं. कारण गांवांत देवीची सांथ शिरली होती, आणि वल्हीं मारण्यास माणसें उरलीं नव्हतीं. अकराही जणांनीं सारा हिंवाळा त्या खडकावर काढला. पुढील मे महिन्यांत ते सुटून घरीं आले, तों गांवांतील बहुतेक प्रौढ मंडळी गेलेली.

आमच्या सुदैवानें वारा अनुकूल होता. हिर्टावर उपसागराभोंवतीं चंद्रकोरीसारखी एकच गल्ली आहे. १८६० नंतर बांधलेल्या सोळा घरांपैकीं बहुतेकांवर छप्पर नाहीं. डोंगरभर दगडांचीं, गवताच्या माथ्याचीं बाराशेंहून अधिक कोठारें विखुरलेलीं आहेत. दगडांच्या फटींतून खेळणाऱ्या वाऱ्यावर तेथें पक्ष्यांचें मांस वाळवून हिंवाळ्यासाठीं ठेवीत. शाकाहारी वाचकांनीं नाक मुरडूं नये. जेथें खारा वारा उभें पीक झोपवितो, तेथें उदरभरणाचा दुसरा मार्ग कोणता? पुरुष अनवाणी, दोरास लोंबकळत कड्यांवर उतरत. खंडसुद्धां पिसांच्या रूपानें भरीत. रोज सकाळीं ते गल्लींत जमून दिवसाचें काम ठरवीत. पाहुण्यांनीं त्या बैठकीस ‘पार्लमेंट’ असें नांव दिलें होतें. शिकार घरागणिक वांटली जाई, आणि जो कड्यावर जाऊं शकत नसे त्याचाही वांटा निघे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस हें ओळखीचें वाटलें. कधीं कधीं सारा दिवस वादांतच जाई म्हणतात, तेंही ओळखीचें!

१६९७ सालीं येथें सुमारें १८० माणसें होतीं. देवीनंतर नवजात अर्भकांच्या धनुर्वातानें पिढ्यान्‌पिढ्या घात केला. १८५२ सालीं छत्तीस जण ऑस्ट्रेलियेस निघाले. त्यांतले कित्येक वाटेंतच मेले. पहिल्या महायुद्धांत आरमाराचें ठाणें आलें, तरुणांनीं बाहेरचें जग पाहिलें, आणि एकेक जण बेट सोडूं लागला. अखेर उरलीं पुन्हां छत्तीसच माणसें. दोर धरणारे हात पुरेनात. मे १९३० मध्यें त्यांनीं स्वतःच सरकारास अर्ज केला, कीं आम्हांस येथून न्यावें. हें मुद्दाम लिहितों. कारण त्यांस कोणी हुसकावून लावलें अशा समजुतीनें आमच्याबरोबरचे कांहीं उतारू उसासे टाकीत होते.

२९ ऑगस्ट १९३० रोजीं सकाळीं ‘हेअरबेल’ या युद्धनौकेनें त्यांस नेलें. गुरेंमेंढरें आधींच पाठविलीं होतीं. कुत्रे मात्र समुद्रांत बुडविले. निघतांना प्रत्येक घरांत बायबल उघडें ठेवून शेजारीं ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवली होती, असें सांगतात. पुढें त्यांतील पुरुषांस काम मिळालें तें जंगल खात्यांत. ज्यांच्या बेटावर झाड म्हणून नव्हतें, त्यांस! त्या छत्तिसांपैकीं शेवटच्या बाई २०१६ सालीं वारल्या. आज तेथें १९५७ पासूनचें लष्करी रडारचें ठाणें आहे, आणि उन्हाळ्यांत राखणदार असतात. पण त्यास गांव म्हणवत नाहीं.

दाण्यांच्या राशीची गोष्ट ऐकतांच सौभाग्यवती एका घराच्या उंबऱ्यावर बसल्या. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, ‘अहो, सासूबाईंनीं गांवचें घर बंद केलें, तेव्हां देवापुढें मूठभर तांदूळ ठेवले होते. आठवतें का?’

आठवत होतें. तें घर विकावें कीं ठेवावें, अशी पृच्छा करणारें धाकट्या बंधूंचें पत्र तीन आठवडे आमच्या बॅगेंत पडून होतें. चिरंजीव भिंत न्याहाळीत उभे होते. ते म्हणाले, ‘आई, हे लोक एका दिवशीं निघाले. आपण एकेक करून निघालों, म्हणून कळलें नाहीं.’

यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं. इतक्यांत वारा आग्नेयेकडे फिरूं लागला, आणि कप्तानानें घाईघाईनें सर्वांस होडींत बसविलें. ती रात्र हॅरिस बेटाच्या आडोशास काढली. सकाळीं लापशी आली. सौभाग्यवतींनीं ती मुकाट्यानें खाल्ली, हात पुसले, आणि बंधूंचें पत्र वाचावयास मागितलें.