योगाभ्यास, हृदय आणि चेतासंस्था

प्रौढ व्यक्तीचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा धडधडते. ही गती आपल्या इच्छेच्या आधीन नसते; तिचे नियमन स्वायत्त चेतासंस्था करते. या संस्थेचे दोन प्रमुख भाग आहेत. भीती वा रागाच्या प्रसंगी अनुकंपी भाग हृदयाची गती व रक्तदाब वाढवतो, तर परानुकंपी भाग ही गती कमी करून शरीराला विसावा देतो. सततची चिंता आणि अपुरी झोप यांमुळे अनुकंपी भाग वारंवार उत्तेजित होतो व हृदयावरील भार वाढतो.

मग योगाभ्यासाने काय साधते? श्वसन आपोआप चालते, परंतु ते इच्छेनुसार बदलताही येते. मनगटावरील नाडी पाहिल्यास पुष्कळदा असे आढळते, की श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात व सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास संथ व दीर्घ केला, की परानुकंपी भागाचा प्रभाव वाढतो.

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. पुढे बंगळुरू हे अशा संशोधनाचे महत्त्वाचे केंद्र झाले. तेथील संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ७ अनुभवी साधकांची तपासणी केली होती. मनातल्या मनात ओंकाराचा जप करताना त्यांच्या हृदयाची गती कमी झाल्याचे आढळले.

तथापि ७ व्यक्तींवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी मोठी पाहणी लागते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांचा अभ्यास भारतातील २४ वैद्यकीय केंद्रांत करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगाधारित उपक्रमामुळे रुग्णांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली व ते नित्याच्या कामांकडे अधिक चांगल्या रीतीने परतले. परंतु मृत्यू वा पुन्हा झटका येणे यांसारख्या गंभीर घटना निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही.

यावरून योग हा औषधोपचाराला पूरक आहे, पर्याय नव्हे, हे स्पष्ट होते. हृदयरोग वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून श्वास रोखून धरू नये, शीर्षासन करू नये आणि औषधे बंद करू नयेत. छातीत दुखू लागल्यास आसने करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. निरोगी व्यक्तीने मात्र जाणकाराकडून शिकून रोज थोडा वेळ नियमित अभ्यास केल्यास मनाला व शरीराला स्वास्थ्य लाभण्यास साहाय्य होते.