बीजिंगहून पुण्याच्या वर्गात

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर यांसारख्या सरकारी वसाहतींना निवृत्तीची तारीख चांगली ठाऊक असते. महिनाअखेर आली की कुठल्या ना कुठल्या क्वार्टरमध्ये आवराआवर सुरू होते. खुर्ची पुढच्या माणसाकडे जाते, फायली कपाटात राहतात. पण तीस-पस्तीस वर्षांत डोक्यात साठलेल्या अनुभवाचं काय होतं?

परराष्ट्र सेवेच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. एखादा देश आणि त्याची भाषा समजायला वर्षं जातात आणि त्याचा खर्च जनतेच्या पैशातून होतो. ही शिदोरी पुढच्या पिढीच्या हाती कशी द्यावी, याचं एक चांगलं उदाहरण पुण्यात आहे. ते म्हणजे माजी राजदूत गौतम बंबावाले.

चिनी भाषेपासून सुरुवात

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत शिकलेले बंबावाले 1984 मध्ये परराष्ट्र सेवेत आले. चिनी भाषा शिकले आणि पुढे चीन हाच त्यांच्या कामाचा मुख्य विषय झाला. 2004 ते 2007 या काळात ते वॉशिंग्टनच्या दूतावासात होते. भारत-अमेरिका अणुकराराची बोलणी तेव्हा सुरू होती. 2007 मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात भारताची वकिलात उघडली, तेव्हा तिथले पहिले महावाणिज्यदूत तेच होते. त्यानंतर दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात त्यांनी पूर्व आशिया विभाग सांभाळला.

तीन शेजारी

2014 मध्ये ते भूतानला राजदूत म्हणून गेले. 2016 च्या सुरुवातीला पाकिस्तानात उच्चायुक्त झाले. (राष्ट्रकुलातल्या देशांत राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, काम तेच.) त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उरीचा हल्ला झाला आणि पाठोपाठ सर्जिकल स्ट्राइक. दोन्ही देशांतले संबंध इतके ताणलेले असताना इस्लामाबादमध्ये राहून भारताची बाजू मांडायची, हे काम सोपं नव्हतं.

2017 च्या उन्हाळ्यात डोकलामला भारत आणि चीनचं सैन्य सुमारे अडीच महिने समोरासमोर उभं होतं. हे पठार भूतान आपलं मानतो, चीन त्यावर हक्क सांगतो. हा पेच सुटल्यावर त्याच वर्षी बंबावाले बीजिंगला राजदूत म्हणून रुजू झाले. भूतानची बाजू जवळून पाहिलेला आणि चिनी भाषा जाणणारा अधिकारी तिथे असणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको. एप्रिल 2018 मध्ये वूहानला पंतप्रधान मोदी आणि शी जिनपिंग यांची अनौपचारिक भेट झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बंबावाले निवृत्त झाले.

दुसरी खेळी

निवृत्तीनंतर ते पुण्यात सिम्बायोसिस विद्यापीठात आंतरराष्ट्रीय विषयांचे प्राध्यापक झाले. डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी 1971 मध्ये सिम्बायोसिस सुरू केली ती परदेशी विद्यार्थ्यांना इथे आपलेपणा मिळावा म्हणून. तिथे राजदूतानं शिकवायला यावं, हे शोभून दिसणारंच.

हे किती गरजेचं आहे, ते जून 2020 मध्ये कळलं. गलवान खोऱ्यात 20 भारतीय जवान शहीद झाले. चीनविषयी मत प्रत्येकाकडे होतं, पण चीन जवळून पाहिलेली माणसं मोजकीच. 2021 मध्ये पुणे इंटरनॅशनल सेंटरनं चीनच्या आव्हानावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. डॉ. विजय केळकर, डॉ. रघुनाथ माशेलकर, अजित रानडे आदींसोबत बंबावाले त्याचे सहलेखक होते. संयम ठेवा, धोरणं लवचीक ठेवा आणि अर्थव्यवस्था मजबूत करा, हे त्याचं सार. त्याच वर्षी, बंबावालेंच्या आधी बीजिंगला राजदूत असलेले विजय गोखले यांचं ‘द लाँग गेम’ हे पुस्तक आलं. चीन भारताशी वाटाघाटी कशा करतो, हा त्याचा विषय. फायलींमधलं शहाणपण असं लोकांपर्यंत पोहोचू लागलं आहे.

पुस्तकातून करार वाचता येतो. पण त्यातल्या एका शब्दासाठी किती तास घासाघीस झाली, कुठे गप्प बसणं फायद्याचं ठरलं, हे त्या खोलीत बसलेला माणूसच सांगू शकतो. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडी नसलेल्या अनुभवी तज्ज्ञांनाही ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमता येतं. त्यामुळे असे शिक्षक इतर विद्यापीठांनाही मिळू शकतात.

तुम्हालाही या वाटेनं जायचंय?

• कुठल्याही शाखेची पदवी चालते. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते.

• निवड झाल्यावर दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण मिळतं आणि एक परदेशी भाषा शिकावीच लागते.

• घरात कुणी दहावी-बारावीत असेल, तर रोज वर्तमानपत्रातलं परदेशाचं पान वाचायची आणि शेजारी नकाशा उघडून ठेवायची सवय आजपासूनच लावा. डोकलाम नेमकं कुठे आहे, इथून सुरुवात करता येईल.