लाल थेंबाचा माग

कौलारू घरात गळती शोधणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की थेंब जिथे टपकतो, तिथलं कौल फुटलेलं असेलच असं नाही. पाणी वर कुठेतरी शिरतं, वाशावरून ओघळत येतं आणि भलत्याच कोपऱ्यात पडतं. क्रिस-क्राफ्टसारख्या जुन्या अमेरिकन लाकडी मोटरबोटी जपणाऱ्यांनाही हाच धडा गिरवावा लागतो. त्यांचा थेंब मात्र लाल असतो.

१९६०च्या आसपासच्या अशा कितीतरी बोटींत बोर्ग-वॉर्नरचा 'वेल्व्हेट ड्राइव्ह' गिअरबॉक्स आहे. त्यात मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल घालतात, आणि ते ओळखू यावं म्हणून मुद्दाम लाल रंगवलेलं असतं. हा रंग फार मोलाचा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, तिथे दोघांची सील जवळजवळ असतात आणि दोघांचंही तेल खालच्या एकाच पोकळीत उतरतं. तिथे पांढरं फडकं टेकवायचं. डाग काळपट असेल तर दोष इंजिनाचा, लाल असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा.

पण आधी सगळं धुऊन पुसून कोरडं करायला हवं. वर्षानुवर्षांच्या चिकट थरात नवा थेंब दिसणार कसा? साफ केलेल्या धातूवर टाल्कम पावडर भुरभुरली की तेलाची वाट लाल रेघ होऊन उमटते. मागच्या बाजूला तर यंत्र स्वतःच पुरावा ठेवतं. गिअरबॉक्सला पंख्याच्या शाफ्टशी जोडणारं फिरतं कपलिंग तेल भिरकावतं ते आपल्या फिरण्याच्याच प्रतलात. त्यामुळे आतल्या लाकडावर लाल शिंतोड्यांचा पट्टा दिसला, की त्याच्या अगदी समोर शाफ्टवर बघायचं. इथेही फसायला होतं. सील नवं बसवूनही गळती थांबत नाही, कारण तेल सीलखालून नव्हे, तर कपलिंगच्या आतल्या खाचांमधून झिरपत असतं.

कधी बोट आतून कोरडी ठणठणीत असते, तरी तेल कमी होत जातं. मग संशय गिअरचं तेल थंड करणाऱ्या कूलरवर. त्यात तेल आणि तळ्याचं पाणी यांच्यामध्ये धातूचा पातळ पडदा तेवढा असतो. त्याला टाचणीएवढं छिद्र पडलं, की चालू गिअरमधलं दाबाखालचं तेल पाण्यात जातं आणि बोटीमागे इंद्रधनुषी तवंग पसरतो. इंजिन थांबलं की दाब ओसरतो आणि पाणी उलट आत शिरू शकतं. मग डिपस्टिकवर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी काहीतरी येतं. दुधात स्निग्धांशाचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, इथे पाण्याचे. रूप तेच.

पण मला खरं थक्क करतं ते साधं ऑइल सील. रबराचा एक ओठ, त्याला शाफ्टवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, बस्स. आपल्याला वाटतं, ओठ शाफ्टला घट्ट चिकटतो आणि तेल अडतं. तसं असतं तर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांत रबर जळून गेलं असतं. १९५७ साली जॅगर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने दाखवून दिलं, की फिरत्या शाफ्टवर ओठ तेलाच्या पातळशा थरावर तरंगतो. हा थर साधारण मायक्रॉनभर, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी पटींनी कमी. मग ते तेल बाहेर का पडत नाही? कारण ओठाच्या दोन बाजूंचा उतार सारखा नसतो. तेलाकडचा उतार उभा, हवेकडचा सपाट. शाफ्टच्या ओढीने ओठावरचे सूक्ष्म उंचवटे तिरपे होतात आणि इवल्या वल्ह्यांसारखे तेलाला परत आत ढकलतात. सील म्हणजे भिंत नव्हेच, तो पंप आहे! म्हणून तेच सील चुकून उलटं बसवलं, तर ते इमानेइतबारे तेल बाहेर काढत राहतं.

याच कारणाने चांगल्या हेतूने केलेली सफाईही नडते. शाफ्टवर सँडपेपर तिरपा फिरवला, की बारीक ओरखड्यांचा स्क्रू तयार होतो आणि तेल त्यावरून चालत बाहेर येतं. वर्षानुवर्षं हिवाळा शेडमध्ये काढलेल्या बोटीत रबर कडक होतं, आणि कडक ओठाला हा खेळ जमत नाही.

आणखी एक नवल असं, की मऊ रबर कठीण पोलादही झिजवतं. जुनं सील काढलं की शाफ्टवर एक चकचकीत कडं दिसतं. त्यावरून नख आडवं फिरवायचं. नख सहज सरकलं तर नवं सील पुरे. अडकलं, तर तिथे खोबण पडली आहे, आणि नवं सील त्याच जागी बसलं तर पुन्हा गळणार. मग शाफ्टवर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टीलची बांगडी चढवतात. ओठाला तरंगायला पुन्हा गुळगुळीत जागा मिळते, आणि खाली नवं पांढरं फडकं अंथरून बोट पाण्यात सोडतात.