लॅपटॉपचे वय कोण ठरवते?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. सकाळी सुरू होणारा लॅपटॉप संध्याकाळीही तसाच सुरू झाला. फरक इतकाच, की त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेतील त्रुटी कंपनी सर्वसाधारण ग्राहकासाठी बुजवणार नाही. नोंदणी करणाऱ्यांना एक वर्षाची जादा मुदत मिळाली, पण ती मुदतच आहे. पुढचा मार्ग म्हणजे विंडोज ११. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या यादीत बसत नाहीत.

म्हणजे घरात एक लॅपटॉप आहे, त्याचा पडदा चांगला आहे, कळफलक शाबूत आहे, मुलीचा अभ्यास आणि आजोबांचा पत्रव्यवहार त्यावर व्यवस्थित चालतो; तरीही तो ‘कालबाह्य’ आहे. अशा यंत्राचे करायचे काय, या प्रश्नाला अनेक शहरांत गेली पंचवीस-तीस वर्षे एक उत्तर तयार आहे. ते उत्तर म्हणजे लिनक्स, आणि त्याहीपेक्षा ते लिनक्स बसवून देणारी, नंतर फोन उचलणारी माणसे.

यंत्र म्हातारे होते म्हणजे काय?

संगणकाचे सगळे भाग एकाच वेगाने झिजत नाहीत. प्रोसेसर आणि रॅम यांत हलणारे काही नसते. नीट वापरल्यास ते दहा-पंधरा वर्षे सहज काम देतात. झिजते ती फिरणारी हार्ड डिस्क, रासायनिक क्रियेवर चालणारी बॅटरी, धुळीने भरणारा पंखा आणि रोज उघडझाप होणारी बिजागरी. यातली बहुतेक दुरुस्ती बाजारात होऊ शकते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, की ‘मेलेला’ लॅपटॉप मिनिटभरात सुरू होतो, हे अनेकांनी पाहिले असेल.

जे दुरुस्तीच्या दुकानात मिळत नाही, ते म्हणजे चालू असलेली, सुधारत राहणारी प्रणाली. यंत्राचे वय अनेकदा त्याच्या धातूवर नव्हे, तर त्याला सांभाळणारे कोणी उरले आहे का, यावर ठरते.

लिनक्सचा उपयोग इथे होतो. हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी अशा मुक्त प्रणालीचा ‘ग्नू’ प्रकल्प घोषित केला होता. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची प्रणाली उभी राहिली. जगातील पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. आपल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. घरच्या टेबलावरच्या संगणकावर मात्र ते अजून अल्पसंख्य आहे. म्हणूनच ते वापरणाऱ्यांना एकमेकांची गरज लागते.

पेनड्राइव्ह, चहा आणि प्रश्न

भारतात लिनक्स वापरणाऱ्यांचे गट १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार होऊ लागले. पुण्याचा ‘प्लग’ म्हणजे पुणे लिनक्स युजर्स ग्रुप हा त्यांपैकी एक जुना गट. चेन्नईचा गट अनेक वर्षे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आयआयटी मद्रासमध्ये जमत आला. इंटरनेट मंद आणि महाग होते, तेव्हा या बैठकांचे मोठे आकर्षण म्हणजे सीडी. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी येई आणि ती हातोहात फिरे. पुढे उबुंटूने काही वर्षे मागणाऱ्याला टपालाने फुकट सीडी पाठवल्या. २०११ मध्ये ती योजना थांबली. आता सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. बैठकीची गरज मात्र संपली नाही.

प्रणाली बसवून देण्याच्या अशा बैठका कशा चालतात? महाविद्यालयाची एखादी खोली, लांब टेबले, विजेच्या पट्ट्या आणि पाठीवरच्या पिशव्यांतून निघणारे जुने लॅपटॉप. अनुभवी स्वयंसेवक लगेच पेनड्राइव्ह लावत नाही. तो आधी विचारतो, “यावर तुम्ही रोज काय काय करता?” उत्तर जर वाचन, लेखन, बँकेचे संकेतस्थळ, व्हिडीओ, मुलांचा अभ्यास असे असेल, तर काम सोपे. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांत बहुतेक गरजा भागतात. दुकानाचे हिशेब टॅलीमध्ये असतील, किंवा कर भरण्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागत असेल, तर चांगला स्वयंसेवक ‘थांबा’ म्हणतो. टॅली थेट लिनक्ससाठी बनलेली नाही, आणि काही टोकनांची जुळणी करताना घाम फुटतो. अशा माणसाला उत्साहाच्या भरात लिनक्स बसवून दिले, तर महिन्याच्या अखेरीस त्याचा धंदा अडतो आणि तो परत कधी येत नाही.

दुसरा प्रश्न असतो, “फायलींची प्रत काढून ठेवली आहे का?” निम्म्या वेळा उत्तर नकारार्थी असते. मग पहिला तास फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवण्यात जातो. काही नव्या विंडोज संगणकांची डिस्क मालकाच्या नकळत बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये हात घातला, की ती ४८ अंकी चावी मागते. ती आधी शोधून ठेवली नाही, तर फोटो गेलेच समजा.

त्यानंतर ‘लाइव्ह’ पद्धत. प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, प्रिंटर ओळखला जातो का, ही यादी तपासली जाते. बहुतेक यंत्रे पहिल्या फटक्यात पास होतात. एखादे वाय-फाय कार्ड रुसते, मग फोनच्या केबलवरून इंटरनेट घेऊन त्याचे ड्रायव्हर उतरवले जाते. हे सगळे जमले, की प्रत्यक्ष बसवायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. फार जुन्या, ३२-बिट प्रोसेसरच्या यंत्रांना मात्र दारे बंद होत चालली आहेत. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील आपल्या १३व्या आवृत्तीत त्यांच्यावर नव्याने बसवण्याची सोय थांबवली.

दर्या आणि दऱ्या

मराठी घरात खरी परीक्षा पुढे होते, ती टंकलेखनाची. ज्यांच्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले वीस वर्षांचे लेख, निमंत्रणपत्रिका, संस्थेची इतिवृत्ते आहेत, त्यांना फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा भातुकलीसारखा पसारा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. त्या जुन्या पद्धतीत ‘क’ हे अक्षर साठवलेच जात नव्हते; एखाद्या रोमन अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले होते. तो फॉन्ट नसेल, तर मूळ रोमन अक्षर उघडे पडते. रूपांतरकाच्या साहाय्याने असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. हे काम किचकट आहे, तरी एकदा केले की तो मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो आणि शोधताही येतो.

युनिकोडमध्येही मराठीचे स्वतःचे हट्ट आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून बनवलेल्या फॉन्टमध्ये किंवा कळफलकात तो सुटण्याची भीती असते. मराठी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’ यांचीही तीच कथा. अशी चूक दिसली, तर लिनक्सच्या जगात वापरणारा ती थेट नोंदवू शकतो, आणि येत असेल तर दुरुस्तही करू शकतो. लोहित या मुक्त देवनागरी फॉन्टची देखभाल रेड हॅटच्या पुण्यातील भाषा-तंत्रज्ञांनी बराच काळ केली. मेन्यूतले मराठी शब्दही कोणी तरी बसून भाषांतरित केलेले असतात. त्यातला एखादा शब्द खटकला, तर तक्रार कुठे करायची ते ठाऊक असते, हेही काही कमी नाही.

फेकलेला संगणक कुठे जातो?

या खटाटोपाचा आरोग्याशी संबंध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यापैकी बराच माल अनौपचारिक मार्गाने जातो. तांब्यासाठी केबल जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी सर्किट ॲसिडमध्ये बुडवले जाते. त्यातून शिसे, कॅडमियम, पारा आणि विषारी धूर त्या वस्तीत पसरतो. शिशाचा सर्वाधिक फटका लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला बसतो, आणि त्यासाठी सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या मुलांवर स्वतंत्र अहवाल काढला होता.

शिवाय लॅपटॉपच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो. म्हणून आहे तो आणखी चार-पाच वर्षे वापरणे, हा घरगुती पातळीवर सर्वांत साधा उपाय ठरतो. एक सावधगिरी मात्र हवी. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर ती टोचू-दाबू नये, चार्ज करू नये. जाणकाराकडून काढून अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावी. काटकसर म्हणून ती वापरत राहणे धोक्याचे आहे.

सांभाळणाऱ्यांचे काय?

सगळे गोड आहे असे नाही. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले आणि दहा वर्षांत सुमारे १५ हजार सरकारी संगणक बदलले. २०१७ मध्ये तिथल्याच नगरसभेने परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. तंत्र तेच होते. नेतृत्व आणि पाठबळ बदलले होते. याउलट केरळने शाळांमध्ये मुक्त प्रणाली आणताना शिक्षकांचे प्रशिक्षण आधी हाती घेतले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी-मंडळांतून हजारो मुले संगणकाचे काम शिकू लागली आणि शाळेतल्या यंत्रांच्या देखभालीलाही हातभार लावू लागली. तिथे ही व्यवस्था टिकली, कारण बिघाड झाला तर विचारायला माणूस शाळेतच होता.

स्वयंसेवकही दमतात. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या, पण असंख्य लिनक्स संगणकांत असलेल्या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. ते साधन वर्षानुवर्षे एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. मदतनीस म्हणून आलेल्या कोणी तरी दोनेक वर्षे त्याचा विश्वास मिळवला आणि मग हा प्रकार केला. पकडले गेले तेही एका माणसाच्या चिकित्सेमुळे: अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉग-इन होताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला आणि त्याने कारण शोधून काढले. मुक्त असल्यामुळे कोणालाही तपासता आले, ही या व्यवस्थेची ताकद. तपासणारे आणि सांभाळणारे हात थोडे असणे, हा तिचा दुबळेपणा.

शहरातल्या गटातही हेच घडते. दहा घरांचे संगणक पाहणारा एक मुलगा नोकरीसाठी परगावी जातो आणि दहाही घरे अडचणीत येतात. म्हणून जाणते गट प्रणाली बसवून झाल्यावर वहीत तीन गोष्टी मालकाच्याच हाताने लिहून घेतात: अपडेट कसे करायचे, फायलींची प्रत कशी काढायची आणि संकेतशब्द विसरला तर काय करायचे. शक्यतो एका गटात सगळ्यांना एकच प्रणाली, उदाहरणार्थ लिनक्स मिंट, दिली जाते. मग शेजारीण शेजारणीला सांगू शकते.

तुमच्याकडे असा जुना लॅपटॉप असेल, तर घाई करू नका. फायलींची प्रत काढा, रोजच्या कामांची यादी करा, पेनड्राइव्हवरून आठवडाभर चालवून पाहा. लिनक्सलाही विषाणू आणि फसव्या दुव्यांपासून अभय नाही, तेव्हा अपडेट चुकवू नका. जवळचे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा ग्रंथालय यांच्याकडे अशा गटाची चौकशी करा. तिथे जाताना चार्जर न विसरता न्या, आणि काम झाल्यावर लगेच उठू नका. शेजारच्या खुर्चीवर कोणी तरी पहिल्यांदाच आलेले असेल. तुम्ही नुकतेच शिकलेले त्यांना दाखवा.