बाळाला लळा नक्की कुणाचा लागतो?

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज बोलूया लळ्याबद्दल. मानसशास्त्रात याला अटॅचमेंट म्हणतात. घाबरलं की बाळ ठरावीक माणसाकडेच झेपावतं, तो माणूस दिसेनासा झाला की रडतं. पण हा माणूस ठरतो कसा?

पूर्वी उत्तर सोपं वाटायचं: जो दूध पाजतो त्याचा लळा लागतो. फ्रॉइडचे अनुयायी आणि वर्तनवादी यांचं एरवी फारसं पटायचं नाही, पण इथे मात्र एकमत होतं.

याला मोठा धक्का दिला अमेरिकेतल्या हॅरी हार्लो यांनी, १९५८ साली. माकडांच्या पिल्लांना त्यांनी दोन खोट्या आया दिल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं, तरी पिल्लं पिण्यापुरती तिकडे जायची आणि बाकी बहुतेक वेळ कापडी आईला बिलगून बसायची. प्रयोग क्रूर होता, यात वाद नाही. पण ऊब आणि आधार ही भुकेपेक्षा वेगळी गरज आहे, हे त्यातून दिसलं.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी यामागचं कारण उत्क्रांतीत शोधलं. रडणं, हसणं, चिकटून राहणं, ही सगळी बाळाची मोठ्यांना जवळ ठेवायची साधनं. जवळ राहिलं तर जीव वाचतो! मात्र त्यांनी सुरुवातीला सगळा भर आईवर दिला, आणि कामाला जाणाऱ्या आयांच्या मनात अपराधीपणा भरायला तेच पुढे वापरलं गेलं.

म्हणून ग्लासगोचा अभ्यास माहीत असायला हवा. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी तिथल्या ६० बाळांचा, त्यांच्या घरी जाऊन, दीड वर्षाची होईपर्यंत मागोवा घेतला. निष्कर्ष आले १९६४ साली. साधारण सातव्या महिन्याच्या आसपास बाळं ठरावीक माणसासाठी रडायला लागली. दीड वर्षापर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागला होता: वडील, आजी, भावंडं. आणि गंमत बघा, सुमारे ३९ टक्के बाळांचा सर्वांत घट्ट लळा त्यांचं खाणंपिणं, अंघोळ बघणाऱ्या माणसाशी नव्हताच! जो बाळाच्या हाकेला ओ देतो, त्याच्याशी खेळतो, बोलतो, त्याच्याकडे बाळ ओढलं जात होतं.

आता हे आपल्या घरात आणूया. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीनंतर नोकरी करणाऱ्या बऱ्याच आयांना पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. म्हणजे सहा महिने. रजा संपते आणि लळ्याची ठळक चिन्हं दिसायला लागतात, ती जवळपास एकाच सुमारास! महिनाभर पाळणाघरात हसत जाणारं बाळ अचानक दारातच भोकाड पसरतं. आईला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. पण या वयात बहुधा अर्थ एवढाच, की बाळाला आता ‘माझी माणसं’ कळायला लागली.

मग बघायचं काय? मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या बाळांसाठी एक चाचणी तयार केली. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते आणि परत येते. त्यात आई गेल्यावर बाळ किती रडलं, यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं, याला जास्त महत्त्व. आईजवळ जाऊन शांत झालं आणि पुन्हा खेळायला लागलं, तर नातं सुरक्षित समजतात. अर्थात, ही संशोधकांची चाचणी आहे. घरी बाळाची परीक्षा घेत बसू नका!

पाळणाघर निवडताना मात्र हे ज्ञान उपयोगी पडतं. भिंतीवरची चित्रं नंतर बघा. आधी विचारा, बाळाला सांभळणाऱ्या ताई सारख्या बदलतात का? एकीकडे किती बाळं असतात? बाळ रडलं तर कडेवर घ्यायला कुणी मोकळं असतं का? आणि घरी आजी-आजोबा असतील, तर बाळ त्यांच्याकडे झेपावलं म्हणून आईने मनाला लावून घेऊ नये. लळ्याची वाटणी होत नाही, आजीला मिळाला म्हणून आईचा कमी होत नाही.

तुमच्या घरात बाळ कुणाला बघून सगळ्यात आधी हात पुढे करतं? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!